कडाकरप्याचा जीवाणू आणि सशाचे सीरम

भातावर जीवाणूंमुळे येणाऱ्या रोगांपैकी आपल्याकडे सर्वांत परिचयाचा रोग म्हणजे कडाकरपा. पानाच्या टोकाकडून आणि कडेने पिवळसर, पाणीदार पट्टा सुरू होतो, त्याची आतली बाजू नागमोडी असते आणि पुढे तो वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचा होतो. हा रोग घडवणारा जीवाणू म्हणजे झँथोमोनास ओरायझी पॅथोव्हार ओरायझी (पॅथोव्हार म्हणजे एका जातीतला, ठरावीक रोग घडवणारा गट). त्याचाच एक भाऊबंद, पॅथोव्हार ओरायझिकोला, पानावर शिरांच्या मधून बारीक अर्धपारदर्शक रेषा पाडतो. हे दोघे सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाच्या, साहाय्याने वेगळे ओळखता येतात का, आणि महाराष्ट्राच्या दोन टोकांच्या भातपट्ट्यांतून गोळा केलेले कडाकरप्याचे जीवाणू एकाच सीरमपुढे सारखे वागतात का, हे तपासण्याचे काम वनस्पती रोगशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी असताना माझ्याकडे आले. ते काम कसे झाले आणि त्यातून काय हाती लागले, ते येथे लिहिते आहे.

पीसीआरच्या काळात सीरमचा खटाटोप कशाला, असे मला तेव्हा अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. डीएनएवर आधारलेली चाचणी अधिक संवेदनशील असते, हे खरेच आहे. परंतु एकदा चांगले अँटिसिरम, म्हणजे जीवाणूला ओळखणारी प्रतिपिंडे असलेले सीरम, तयार झाले की त्याच्या थोड्याशा साठ्यावर प्रयोगशाळेचे काम दीर्घकाळ चालते, काचपट्टीवरची चाचणी दोन मिनिटांत होते आणि तिला यंत्र लागत नाही. शिवाय सीरम ज्या गोष्टीला ओळखते ती गोष्ट, म्हणजे जीवाणूचे बाह्य आवरण, रोगाच्या दृष्टीने गौण नसते. हे दुसरे कारण मला सुरुवातीला केवळ पुस्तकी वाटले होते. कामाच्या शेवटी तेच अधिक महत्त्वाचे ठरले.

रोगाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण नावांचा घोळ त्यातूनच आलेला आहे. कडाकरप्याची पहिली नोंद १८८४ सालची, जपानमधील फुकुओका भागातली. प्रारंभी जमिनीच्या आम्लतेला दोष दिला जात असे. रोग जीवाणूमुळे होतो हे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात स्पष्ट झाले. जीवाणूला आधी स्यूडोमोनास या प्रजातीत टाकले गेले, १९४३ मध्ये डाउसन यांनी त्याला झँथोमोनासमध्ये आणले, १९७८ मध्ये तो झँथोमोनास कँपेस्ट्रिसचा एक पॅथोव्हार ठरला आणि १९९० मध्ये स्विंग्ज व सहकाऱ्यांनी झँथोमोनास ओरायझी ही स्वतंत्र जाती मानून कडाकरपा आणि पर्णरेषा या दोन्ही रोगांचे जीवाणू तिच्याखाली ठेवले. भारतात हा रोग प्रथम महाराष्ट्रातच, १९५१ मध्ये आढळला आणि श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनी १९५९ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. बिहारमध्ये १९६३ साली त्याची मोठी साथ आली आणि त्यानंतर तायचुंग नेटिव्ह-१ सारख्या बुटक्या, खताला प्रतिसाद देणाऱ्या परंतु या रोगाला सहज बळी पडणाऱ्या जातींबरोबर तो देशभर गांभीर्याने घेतला जाऊ लागला.

नमुने गोळा करण्यासाठी एका बाजूला कर्जत, मुरबाड, मावळ आणि मुळशी, तर दुसऱ्या बाजूला भंडारा, गोंदिया व चंद्रपूरचा सिंदेवाहीकडचा भाग निवडला होता. कोकण-मावळातली खाचरे आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या बांध्या यांत पाऊस, माती, जाती आणि लागवडीची पद्धत सगळेच वेगळे असल्याने जीवाणूही वेगळे असावेत, अशी अपेक्षा होती. ऑगस्टच्या उत्तरार्धात, वाऱ्यासह जोरदार पाऊस होऊन गेल्यानंतरचे दिवस यासाठी सर्वांत चांगले, कारण पाने एकमेकांवर घासून जखमा होतात आणि जीवाणू त्या जखमांतून, तसेच पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून आत शिरून थेट जलवाहिन्यांत पोचतो. रोप लावताना शेंडे खुडण्याची पद्धत जिथे आहे तिथे तर त्याला आयतीच वाट मिळते.

सकाळी लवकर शेतात गेले की रोगट पट्ट्यावर दुधाळ थेंब दिसतात. ऊन चढले की ते आटतात आणि त्यांच्या जागी पिवळसर, अर्धपारदर्शक, मोहरीपेक्षाही लहान मणी उरतात. बोटाने घासले तर ते पानावरून सहज सुटतात आणि पाण्यात टाकले तर विरघळून पाणी गढूळ करतात. हे मणी म्हणजे जीवाणू आणि त्याचा चिकट स्राव. ते दिसले नाहीत तर पानाचा रोगट तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायचा. काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून धुरकट धार खाली उतरू लागते. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याला मी हे करून दाखवले तेव्हा ते बराच वेळ ग्लासाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, म्हणजे हे पानाच्या आतून येतंय. मी आपला वरून औषध मारतोय." त्यांचे निरीक्षण अचूक होते. जलवाहिनीत बसलेल्या जीवाणूवर पानावरच्या फवारणीचा परिणाम मर्यादित का राहतो, हे याहून सोप्या शब्दांत सांगणे मलाही जमले नसते. झाडीपट्टीत मात्र प्रश्न वेगळा आला. तिथे एका बांधीत रोवणीनंतर युरियाचा हात मोकळा सोडलेला होता आणि धान नजरेत भरण्याइतके गडद हिरवे होते. "मॅडम, एवढं हिरवंगार होतं आणि मग एकदमच करपलं, असं कसं हो?" असे त्या शेतमालकांनी विचारले, तेव्हा नत्राचा मुद्दा काढावाच लागला. जादा नत्रामुळे पाने लुसलुशीत होतात, पीक दाट होते आणि रोग अधिक पसरतो.

पाने कागदी पाकिटांत ठेवून प्रयोगशाळेत आणायची असतात. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि कुजवणारे इतर जीवाणू वाढतात. रोगट व निरोगी भागाच्या सीमेवरचा तुकडा कापायचा, सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात क्षणभर बुडवून निर्जंतुक पाण्यात धुवायचा, पाण्याच्या थेंबात कुस्करायचा आणि पेप्टोन, साखर व अॅगर यांच्या माध्यमावर रेघा ओढायच्या. बशा २८ अंश सेल्सियसला ठेवतात. येथपर्यंतचे काम कुणालाही जमेल. पुढे मात्र धीर लागतो. भाताच्या पानावर पिवळ्या वसाहती करणारे जीवाणू अनेक आहेत आणि त्यांतला पँटोइया हा फार वेगाने वाढतो. दुसऱ्याच दिवशी बशीत ठसठशीत पिवळ्या वसाहती उठतात आणि त्या पाहून मन हुरळते. खरा कडाकरप्याचा जीवाणू तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, लहान, फिकट पिवळ्या, गोल, फुगीर आणि चमकदार वसाहतींच्या रूपात दिसू लागतो. म्हणून आधी उगवलेल्या वसाहतींवर बशीच्या पाठीमागून पेनने खुणा करून ठेवायच्या आणि नंतर बिनखुणेच्या वसाहती उचलायच्या, ही आमच्याकडची रीत होती. एवढे करूनही प्रत्येक आयसोलेटची, म्हणजे नमुन्यातून वेगळ्या केलेल्या शुद्ध जीवाणूची, रोगकारकता पाहिल्याशिवाय त्याला नाव द्यायचे नसते, कारण भातावर राहणारे पण रोग न करणारे झँथोमोनासही असतात आणि वसाहतीवरून त्यांतला भेद कळत नाही. तायचुंग नेटिव्ह-१ ची रोपे कुंड्यांत वाढवून, कात्री जीवाणूच्या द्रावणात बुडवून पानांचे शेंडे कापायचे आणि दोन आठवड्यांनी करप्याची लांबी मोजायची, ही १९७३ मध्ये कॉफमन व सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत आजही तशीच वापरली जाते. तिच्यात बदल करण्याजोगे फारसे काही नाही.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. अँटिसिरम तयार करायचे म्हणजे सशाच्या शरीरात मारलेला जीवाणू टोचायचा, सशाच्या प्रतिकारयंत्रणेला त्याच्या पृष्ठभागावरील रेणूंविरुद्ध प्रतिपिंडे बनवू द्यायची आणि ती प्रतिपिंडे असलेले सीरम रक्तातून वेगळे करायचे. ज्या रेणूंविरुद्ध प्रतिपिंडे बनतात ते प्रतिजन. झँथोमोनासच्या बाबतीत पहिली अडचण त्याच्या चिकट शर्करायुक्त आवरणाची असते. आपल्या खाद्यपदार्थांत घट्टपणा आणण्यासाठी वापरतात तो झँथन गम याच प्रजातीतल्या एका जातीपासून मिळतो, त्यावरून या चिकटपणाची कल्पना येईल. हे आवरण प्रतिजनांना झाकून टाकते आणि त्यामुळे काही आयसोलेट सीरम न घालताही मिठाच्या पाण्यात आपोआप गुठळ्या करतात. असे झाले की चाचणीला अर्थच उरत नाही. उपाय एकच: पेशी मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायच्या, सेंट्रिफ्यूज करायच्या, वरचे लिबलिबीत पाणी ओतून द्यायचे आणि पुन्हा धुवायच्या. साखर कमी केलेल्या माध्यमावर वाढवले तर चिकटपणा आधीच कमी निघतो.

सशावर प्रयोग करण्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. किती ससे, किती मात्रा, किती रक्त, वेदना कमी करण्याची काय व्यवस्था, हे सगळे आधी लिहून द्यावे लागते, आणि ते तसेच असायला हवे. न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे निवडले होते. टोचण्याआधी प्रत्येक सशाचे थोडे रक्त घेऊन ठेवतात. त्याला पूर्वसीरम म्हणू. मला वाटले होते की पूर्वसीरम सर्वत्र नकारार्थी येईल आणि ती केवळ औपचारिकता असेल. प्रत्यक्षात एका सशाचे पूर्वसीरम पँटोइयाशी सौम्य, पण निश्चित प्रतिक्रिया देत होते. प्राणिगृहाची देखभाल करणाऱ्या काकांना हे सांगितले तेव्हा त्यांना काहीच नवल वाटले नाही. "अहो ताई, हा आधीपासून हिरव्या चाऱ्यावर वाढलाय. चाऱ्यावर काय कमी जंतू असतात?" ते म्हणाले. चाऱ्यावर राहणाऱ्या जीवाणूंशी गाठ पडलेल्या सशाकडे त्यांच्याविरुद्धची काही प्रतिपिंडे आधीच असतात, हे नंतर जुन्या अहवालांतही वाचायला मिळाले. तो ससा वगळून ज्यांचे पूर्वसीरम स्वच्छ होते त्यांनाच कामासाठी घेतले.

पहिली मात्रा फ्रॉइंडच्या संपूर्ण अॅडज्युव्हंटमध्ये मिसळून त्वचेखाली देतात. तेल आणि मारलेल्या मायकोबॅक्टेरियांचे हे मिश्रण प्रतिकारयंत्रणेला खडबडून जागे करते. पुढच्या मात्रा मात्र अपूर्ण अॅडज्युव्हंटमध्येच द्यायच्या, कारण पहिला प्रकार पुन्हा दिला तर टोचल्या जागी जखमा होतात. काही आठवड्यांनी कानाच्या कडेच्या शिरेतून रक्त घेतले. कान कोमट कापसाने शेकला की शीर फुगून वर येते आणि सशाला फारसा त्रास होत नाही. काका सशाला एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत असे धरत की तो हलतही नसे. हे कौशल्य कुठल्याही प्रयोगपुस्तिकेत लिहिलेले नाही. रक्त गोठू द्यायचे, रात्रभर थंड ठेवायचे, आणि सकाळी गुठळीवर जमलेले फिकट पिवळे सीरम काढून त्यात किंचित सोडियम अझाइड घालून लहान लहान कुप्यांत उणे २० अंशाला ठेवायचे. एकाच मोठ्या कुपीत ठेवले तर ते वारंवार वितळते व गोठते आणि प्रतिपिंडांची ताकद जाते.

सीरमची ताकद म्हणजे टायटर. ते दुपटीदुपटीने विरळ करत न्यायचे आणि कोणत्या विरलतेपर्यंत जीवाणू एकमेकांना चिकटून नळीच्या तळाशी पसरतात ते पाहायचे. काचपट्टीवर तर दृश्य आणखी स्पष्ट असते. जीवाणूचा थेंब दुधाळ असतो, त्यात सीरमचा थेंब मिसळून पट्टी काळ्या कागदावर हलकेच झुलवली की काही क्षणांत दुधाळपणा फाटतो, पांढरे कण सुटे होतात आणि त्यांच्यामधले पाणी स्वच्छ दिसू लागते. शेजारच्या पूर्वसीरमच्या थेंबात काहीच होत नाही. वर्गीकरणासाठी मात्र ही चाचणी अपुरी आहे. कडाकरप्याचे आमचे जवळजवळ सर्व आयसोलेट, कोकण-मावळातले आणि झाडीपट्टीतलेही, गुठळ्या करत होते. आणि पर्णरेषेचा जीवाणूही, थोड्या कमी विरलतेपर्यंत का होईना, करत होता.

हा निकाल अनपेक्षित नव्हता. दोन्ही पॅथोव्हार एकाच जातीतले असल्याने त्यांचे पुष्कळ प्रतिजन सामायिक असणारच. एक जलवाहिन्यांत राहतो आणि दुसरा पर्णरंध्रांतून शिरून शिरांमधल्या मऊ पेशीजालात. रोगाची लक्षणे म्हणून तर वेगळी दिसतात, पण सशाच्या दृष्टीने दोघे बरेचसे सारखे आहेत. तेव्हा प्रश्न असा उरला की सामायिक भाग वजा केल्यावर काय शिल्लक राहते.

यासाठी औक्टरलोनी यांची दुहेरी प्रसरणाची पद्धत वापरली. ही पद्धत १९४० च्या दशकातली आहे आणि आज बऱ्याच ठिकाणी ती संग्रहालयात ठेवण्याजोगी मानली जाते, पण वर्गीकरणाचा अर्थ जितका तिच्यातून डोळ्यांना दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याही पद्धतीतून दिसत नाही, असे माझे मत आहे. अॅगरच्या पातळ थरात मधोमध एक विहीर पाडायची आणि तिच्याभोवती काही मिलिमीटर अंतरावर वर्तुळाकार इतर विहिरी. मधल्या विहिरीत अँटिसिरम, भोवतालच्या विहिरींत निरनिराळ्या आयसोलेटचे प्रतिजन. अख्ख्या पेशी अॅगरमधून सरकत नाहीत, म्हणून त्या ध्वनिलहरींनी फोडून किंवा उकळून त्यांतला विद्राव्य भाग घ्यावा लागतो. ओलसर डब्यात झाकून ठेवलेल्या बशीत प्रतिपिंडे बाहेर आणि प्रतिजन आत सरकत येतात आणि दोघांचे प्रमाण जुळते त्या जागी पांढरट रेषा उमटते. शेजारच्या दोन विहिरींच्या रेषा टोकाला सलग जुळल्या तर दोघांत तोच प्रतिजन आहे. एकमेकींना छेदून गेल्या तर प्रतिजन वेगळे. आणि एक रेषा दुसरीला जुळूनही तिचे टोक किंचित पुढे सुटले, तर पहिल्या आयसोलेटमध्ये असे काहीतरी आहे जे दुसऱ्यात नाही. हे पुढे सुटलेले टोक पाहण्यासाठी बशी तिरप्या प्रकाशात, काळ्या पार्श्वभूमीवर धरावी लागते आणि पहिल्या दिवशी ते दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेषा दाट झाल्यावर दिसते, आणि फार उशीर केला तर रेषाच पसरून अंधूक होतात.

फोडलेल्या पेशींच्या अर्कातून एकापेक्षा अधिक रेषा येत होत्या. त्यांतल्या काही अर्क उकळल्यावर नाहीशा झाल्या, म्हणजे त्या प्रथिनांच्या होत्या. विहिरीपासून ठरावीक अंतरावरची एक रुंद रेषा उकळल्यावरही राहिली, प्रोटिनेज-के या प्रथिने तोडणाऱ्या विकराने प्रक्रिया केल्यावरही राहिली, परंतु शर्करा तोडणाऱ्या पेरिआयोडेटच्या प्रक्रियेने गेली. यावरून ती जीवाणूच्या बाह्य पटलातील लिपोपॉलिसॅकराइडची, बहुधा त्याच्या बाहेर लोंबणाऱ्या शर्करा-साखळीची रेषा असावी, असा निष्कर्ष काढला. पर्णरेषेच्या जीवाणूबरोबर प्रथिनांच्या बहुतेक रेषा सलग जुळत होत्या. वेगळेपण होते ते मुख्यतः या एका रुंद रेषेत.

मग अँटिसिरममधून सामायिक प्रतिपिंडे काढून टाकली, म्हणजे सीरमचे शोषण केले. पर्णरेषेच्या जीवाणूचे दाट द्रावण सीरममध्ये घालून ते आधी ३७ अंशाला, मग रात्रभर थंडीत ठेवले, आणि चिकटलेल्या प्रतिपिंडांसह पेशी सेंट्रिफ्यूज करून फेकून दिल्या. उरलेले सीरम साहजिकच दुबळे झाले, टायटर बरेच खाली आले, पण ते आता पर्णरेषेच्या जीवाणूला मुळीच ओळखत नव्हते आणि कडाकरप्याच्या बहुतेक आयसोलेटना ओळखत होते. दोन्ही पॅथोव्हार वेगळे करण्याचा हेतू येथे साधला. मात्र "बहुतेक" या शब्दातच पुढचा पेच होता. कडाकरप्याचे काही आयसोलेट, ज्यांनी तायचुंग नेटिव्ह-१ वर भरघोस करपा आणला होता, ते या शोषलेल्या सीरमला प्रतिसाद देत नव्हते, आणि अॅगरच्या बशीत सीरमच्या मूळ आयसोलेटची रुंद रेषा त्यांच्या रेषेपुढे टोक सोडत होती. हे आयसोलेट एकाच भागातले असते तर भूगोलावर बोट ठेवून मोकळे होता आले असते. ते झाडीपट्टीतूनही आले होते आणि मावळातूनही.

एलायझा या विकराच्या रंगावरून प्रतिपिंडांची प्रतिक्रिया मोजणाऱ्या चाचणीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिने वेगळे काही सांगितले नाही, फक्त आकड्यांत सांगितले. जीवाणू प्लेटच्या खड्ड्यांना चिकटवायचा, त्यावर सशाचे अँटिसिरम, त्यावर विकर जोडलेले शेळीचे प्रतिपिंड आणि शेवटी रंग देणारे द्रव्य. पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजायचा. प्लेटच्या कडेचे खड्डे आधी सुकतात आणि खोटे आकडे देतात, म्हणून नियंत्रणाचे नमुने फक्त कडेला ठेवू नयेत, एवढी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. होकारार्थी कशाला म्हणायचे याची रेषा निरोगी भाताच्या पानाच्या अर्कावरून ठरवावी. केवळ बफरवरून ठरवली तर भाताचा रसच रोगट ठरण्याची शक्यता असते.

वेगळे पडलेले आयसोलेट हा सीरमचा दोष की जीवाणूचा गुण, हे कळण्यासाठी जुने संशोधन वाचावे लागले. सशाच्या सीरममध्ये अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असते आणि एका सशाचे सीरम दुसऱ्यासारखे नसते, म्हणून त्यावर उभे केलेले गट प्रयोगशाळेगणिक बदलू शकतात. कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड बनवणाऱ्या पेशी तयार करण्याचे तंत्र शोधले आणि ही अडचण दूर झाली. भाताच्या या दोन जीवाणूंसाठी हवाई विद्यापीठातील बेनेडिक्ट व अल्व्हारेझ आणि फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे म्यू यांच्या चमूने १९८९ मध्ये अशी एकजिनसी प्रतिपिंडे प्रसिद्ध केली. त्या प्रतिपिंडांमुळे दोन्ही पॅथोव्हार एकमेकांपासून वेगळे ओळखता आले. आमच्या सशांकडून ते काम शोषणाच्या वळणानेच करून घ्यावे लागले होते.

आता मुख्य प्रश्न. सीरमने पाडलेल्या गटांचा रोगाशी काही संबंध आहे का? यासाठी सर्व आयसोलेट आयआरबीबी वाणांवर टोचले. हे वाण आयआर-२४ या भाताच्या पार्श्वभूमीवर तयार केलेले आहेत आणि प्रत्येकात कडाकरप्याला विरोध करणारे एकेक जनुक आहे: आयआरबीबी-४ मध्ये एक्सए-४, आयआरबीबी-१३ मध्ये एक्सए-१३, आयआरबीबी-२१ मध्ये एक्सए-२१, याप्रमाणे. कोणता आयसोलेट कोणत्या वाणावर करपा आणतो आणि कोणत्यावर अडतो, यावरून त्याचा रोगप्रकार ठरतो. तक्ता पुरा झाल्यावर त्याच्या शेजारी सीरमगटांचा रकाना मांडला. दोन्हींचा मेळ बसला नाही. एकाच सीरमगटातले आयसोलेट निरनिराळ्या रोगप्रकारांचे होते, आणि सीरमला न जुमानणाऱ्या आयसोलेटमध्ये एक्सए-१३ पुढे अडणारे होते तसे त्याला ओलांडून जाणारेही होते.

माझ्या मार्गदर्शक बाईंना याचे काहीच वाईट वाटले नाही. "गणवेशावरून शाळा कळते, गणितात किती मार्क मिळतील ते कळत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्यामागची जैविक कारणे आज चांगली ठाऊक आहेत. जीवाणू भाताच्या पेशीत जी प्रथिने सोडतो, त्यांतली काही थेट भाताच्या जनुकांना चालना देतात. उदाहरणार्थ, एका प्रथिनामुळे स्वीट-११ हे शर्करावाहक जनुक जागे होते आणि जीवाणूला साखर मिळते. एक्सए-१३ असलेल्या भातात या जनुकाची चालना घेणारी जागाच बदललेली असते, म्हणून तो जीवाणू तिथे उपाशी राहतो. मात्र ज्याच्याकडे दुसरे शर्करावाहक जागे करणारे प्रथिन आहे, तो निसटतो. या सगळ्या घडामोडीत बाहेरच्या लिपोपॉलिसॅकराइडच्या साखळीची घडण कशी आहे याचा थेट संबंध येत नाही. सीरम मात्र तिलाच पाहत असते.

यापेक्षाही मला अधिक विचारात पाडणारी गोष्ट पुढे वाचनात आली. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील प्रभू पाटील आणि रमेश सोंटी यांनी २००४ मध्ये दाखवले की कडाकरप्याच्या जीवाणूत लिपोपॉलिसॅकराइड बनवणारा जनुकसमूह वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये (एकाच जीवाणूच्या वाणांत) कमालीचा वेगळा असतो आणि तो दुसऱ्या जीवाणूंकडून आडवाटेने आलेला असावा. म्हणजे बाकीचा जीनोम जवळजवळ सारखा असलेल्या दोन स्ट्रेनचे आवरण भिन्न असू शकते. याचा अर्थ असा की सीरमगटावरून रोगप्रकार कळत नाही हे तर खरेच, पण वंशावळही खात्रीने सांगता येत नाही. मावळ आणि झाडीपट्टी यांच्यात विभागून आलेले आमचे ते आयसोलेट एकमेकांचे नातलग होते, की निव्वळ सारखे आवरण मिळालेले परके, हे सीरमच्या बशीत ठरण्यासारखे नव्हते.

म्हणून प्रबंधात मी वर्गीकरण हा शब्द जपून वापरला. दोन पॅथोव्हार वेगळे ओळखण्यासाठी शोषलेले अँटिसिरम उपयोगी आहे, परंतु नकारार्थी निकालावरून कडाकरपा नाही असे म्हणता येत नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले. बियाण्याच्या नमुन्यांसाठी तर हा इशारा आणखी कडक करावा लागला, कारण बियाण्यावर जीवाणूचे प्रमाण सीरमला दिसण्याइतके असेलच असे नाही आणि इतर पिवळ्या जीवाणूंची गर्दी तिथे जास्त असते. आमच्याकडे आता हे सीरम बशीतल्या संशयित वसाहतींची पहिली चाळणी करण्यासाठी वापरतात: जी गुठळी करते ती पुढे पीसीआरला आणि कुंडीतल्या रोपांवर जाते, जी करत नाही पण उशिरा उगवलेली व फिकट पिवळी आहे तीही जाते. पँटोइयासारख्या जीवाणूंवरचा बराच वेळ यामुळे वाचतो.

वेगळे पडलेल्या आयसोलेटबाबत एक शंका शिल्लक होती. हा जीवाणू वारंवार नव्या माध्यमावर नेत राहिले तर त्याचा चिकटपणा आणि रोगकारकता कमी होत जाते, तेव्हा आवरणातला फरक प्रयोगशाळेत राहिल्याने आला असणे शक्य होते. त्यासाठी स्किम मिल्कमध्ये गोठवून वाळवलेल्या मूळ कुप्या फोडून ते आयसोलेट पुन्हा जिवंत केले, तायचुंग नेटिव्ह-१ वर टोचले, करपलेल्या पानातून परत वेगळे केले आणि तीच बशी पुन्हा मांडली. रुंद रेषेचे टोक पूर्वीइतकेच पुढे सुटलेले होते. त्यामुळे फरक साठवणुकीचा नाही एवढे निश्चित झाले; त्यांच्या लिपोपॉलिसॅकराइड जनुकसमूहाचा क्रम काढण्याचे काम माझ्यानंतर आलेल्या विद्यार्थ्याने हाती घेतले आहे, आणि सीरमच्या उरलेल्या कुप्या व आयसोलेटचा पूर्ण तक्ता त्याच्याकडे सोपवला आहे.